चोराला सूट देताना ज्याचं गेलं त्यालाही विचारा : अमेरिकन काँग्रेसला एक खुलं पत्र

प्रति,
ज्युडिशिअरी कमिटीचे सर्व सदस्य, सिनेट आणि हाउस दोन्हीकडचे,
वॉशिंग्टन डी. सी.

सप्रेम नमस्कार,

जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला २०१६ मध्ये बिटफिनेक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवरून (बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनाचा ऑनलाइन बाजार) बिटकॉइन चोरणाऱ्या इल्या लिक्टेनस्टाईनने स्वतःच जाहीर केलं की तो जेलमधून लवकर बाहेर आलाय, आणि त्याचं श्रेय त्याने ट्रम्प यांच्या फर्स्ट स्टेप ॲक्टला, म्हणजे जेलमधल्या प्रोग्रॅममध्ये भाग घेणाऱ्या कैद्याला लवकर सुटायची सूट देणाऱ्या कायद्याला, दिलं. सरकारकडून तेव्हा सांगण्यात आलं की त्याने शिक्षेचा बराच भाग भोगलाय आणि नियमाप्रमाणे तो घरीच स्थानबद्ध आहे. त्याच केसमध्ये १८ महिन्यांची शिक्षा झालेली त्याची बायको हेदर मॉर्गन त्याच्या आधीच बाहेर आली होती. त्याच जानेवारीत, २०२२ मध्ये बुडालेल्या एफटीएक्स या दुसऱ्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या घोटाळ्यात शिक्षा झालेली कॅरोलिन एलिसन पण सुटली. लागोपाठ हे सगळं वाचलं आणि ज्यांचे पैसे गेले त्यांच्याबद्दल एकाही बातमीत दोन ओळींच्या वर काही नव्हतं, तेव्हा राहवलं नाही म्हणून लिहितेय.

इंग्रजी प्रत तुमच्या ऑफिसांना गेलीच आहे, आमच्या भागाच्या काँग्रेसमनलाही दिलीय. मराठीत मुद्दाम वेगळं लिहितेय कारण इथे न्यू जर्सीत ज्या मराठी घरांतून क्रिप्टो चोरीला गेलंय त्यातली बरीचशी घरं हे कुणाला सांगतच नाहीत. लोक काय म्हणतील, गावाकडे आईवडिलांना कळलं तर काय, नको ते. हे पत्र त्यांनी पण वाचावं, आणि पुढे येऊन बोलावं असं मला वाटतं.

माझा यात काय संबंध ते आधी सांगते. माझ्या धाकट्या दिराने नोकरीला लागल्यापासून थोडे थोडे बिटकॉइन आणि इथर घेऊन ठेवले होते, घराच्या डाउन पेमेंटसाठी. गणपतीचे दिवस होते, घरी संध्याकाळची आरती चालू होती, तो सांगलीला आईला दाखवायला म्हणून फोनवर व्हिडिओ काढत होता आणि त्याच्या लक्षात आलं की वर सिग्नलच्या जागी नो सर्व्हिस आलंय. टॉवरचा प्रॉब्लेम असेल म्हणून त्याने दुर्लक्ष केलं. मग घरच्या वायफायवर मेल यायला लागले, एकामागोमाग एक, पासवर्ड बदलला, नवीन डिव्हाइस जोडलं, विथड्रॉल झालं, परत विथड्रॉल झालं. प्रसाद वाटून होईपर्यंत खातं रिकामं होतं. कुणीतरी मोबाइल कंपनीला पटवलं होतं की हा नंबर माझाच आहे आणि तो स्वतःच्या सिमवर घेतला होता, त्यामुळे सगळे ओटीपी त्याच्याकडे गेले. याला सिम स्वॅप म्हणतात. कंपनीचं नाव घेत नाही, आजचा विषय ती नाही.

चोर सापडला हे आमचं नशीबच. दुसऱ्या राज्यातला विशी-पंचविशीतला मुलगा, आमच्यासारखी आणखी काही घरं त्याने धुतली होती. त्याने वायर फ्रॉडचा (फोन-इंटरनेटवरून केलेल्या फसवणुकीचा) गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली, भरपाईची ऑर्डर निघाली. काही दिवसांनी खिडकीच्या पाकिटातून पहिला चेक आला तो ६ डॉलर ४० सेंटचा. दिराने तो बँकेत भरला नाही, अजून कपाटात आहे. त्यानंतर एक अर्ध्या पानाचं पत्र आलं की अमुक तारखेला हा कैदी सुटतोय. पत्र वेळेवर आलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ते फक्त कळवण्यासाठी होतं. उरलेले पैसे मिळाले का, तुम्हाला काही म्हणायचंय का, असं त्यात कुठे विचारलेलं नव्हतं, आणि मी जेव्हा कायदा काय आहे ते शोधायला बसले तेव्हा कळलं की विचारायची सोयच कायद्यात नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर माझं म्हणणं भलतीकडे नेलं जाईल. मी फर्स्ट स्टेप ॲक्टच्या विरोधात नाही. २०१८ मध्ये सिनेटने तो ८७ विरुद्ध १२ मतांनी पास केला, दोन्ही पक्षांनी मिळून, आणि ते चांगलंच काम होतं. क्रॅक कोकेनच्या जुन्या अन्यायकारक शिक्षांमध्ये अडकलेल्या हजारो लोकांना, त्यात बहुतेक काळे लोक, त्यामुळे दिलासा मिळाला. जेलमध्ये शिकणाऱ्याला, काम करणाऱ्याला त्याचं फळ मिळावं हे मला पटतं. लिक्टेनस्टाईनला वीस वर्षं आत ठेवा असंही मी म्हणत नाही. त्याला ६० महिन्यांची शिक्षा झाली होती, फेब्रुवारी २०२२ पासून तो आत होता, आणि चांगल्या वर्तणुकीची सूट वर्षाला ५४ दिवस धरली तर माझ्या हिशोबाने तसाही तो २०२६ च्या मे महिन्याच्या आसपास सुटलाच असता. म्हणजे भांडण चार-पाच महिन्यांचं आहे असं कुणी म्हणेल. माझं भांडण त्या महिन्यांवरून नाहीचे. ते महिने कमी करताना ज्याचं नुकसान झालं तो माणूस हिशोबातच धरला जात नाही, यावरून आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली. बिटफिनेक्सच्या केसमध्ये गुन्हा कुठला सिद्ध झाला ते बघा. ऑगस्ट २०१६ मध्ये १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले, तेव्हाच्या भावाने सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर. फेब्रुवारी २०२२ मध्ये हे जोडपं मॅनहॅटनमध्ये पकडलं गेलं तेव्हा त्याच कॉइनची किंमत साडेचार अब्ज डॉलर झाली होती. लिक्टेनस्टाईनने कोर्टात मान्य केलं की हॅक मीच केला. पण आरोप ठेवला गेला मनी लाँडरिंगच्या कटाचा, आणि कबुली आणि शिक्षा पण त्याचीच. चोरीचा वेगळा आरोपच नाही. याचा परिणाम काय झाला तर शिक्षेच्या वेळी सरकारी वकिलांनीच भूमिका घेतली की या गुन्ह्यापुरता भरपाईच्या कायद्याप्रमाणे पीडित म्हणावा असा कुणी नाही. मला ते दोनदा वाचावं लागलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या चोऱ्यांपैकी एक, आणि कागदावर कुणाचंच काही चोरीला गेलेलं नाही!

आणि ज्यांचं गेलं त्यांचं काय झालं तेही लोकांना माहीत नसतं. चोरीनंतर एक्स्चेंजने सगळ्या ग्राहकांच्या खात्यातून सरसकट ३६ टक्के रक्कम कापली, ज्यांच्या कॉइनला हातही लागला नव्हता त्यांच्यासुद्धा, आणि बदल्यात टोकन, म्हणजे नंतर फेडायच्या रकमेच्या डिजिटल चिठ्ठ्या, दिले. ते टोकन २०१७ च्या एप्रिलपर्यंत परत घेतले गेले, पण डॉलरच्या हिशोबात, २०१६ च्या भावाने. पुढे जप्त झालेले ९४ हजारांहून जास्त बिटकॉइन एक्स्चेंजला कॉइनच्याच रूपात परत द्यावेत असं २०२५ च्या सुरुवातीला सरकारी वकिलांनी कोर्टात मांडलं. एक्स्चेंजवर माझा आरोप नाही, त्यांनी बुडवलं असतं तर लोकांना तेवढंही मिळालं नसतं. पण साधा माणूस पीडित कधी ठरतो, त्याला कॉइन मिळतात की जुन्या भावाने डॉलर, हे प्रत्येक केसमध्ये वेगळं का? एफटीएक्सच्या ग्राहकांचा हिशोब कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला त्या दिवसाच्या, ११ नोव्हेंबर २०२२ च्या, भावाने झाला, बिटकॉइन १६,८७१ डॉलर. त्यांना २०२५ मध्ये पैसे मिळायला लागले तेव्हा बाहेर बिटकॉइन एक लाखाच्या आसपास होता. कंपनी म्हणाली लहान ग्राहकांना सुमारे ११९ टक्के दिले. ज्याच्याकडे एक अख्खा बिटकॉइन होता त्याला विचारा त्याचे किती टक्के आले.

दुसरी तक्रार, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. फेडरल पातळीवर पॅरोल (इथे त्याचा अर्थ शिक्षा संपायच्या आधी अटींवर सुटका) बंद होऊन जमाना झाला, नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना तो नाहीच. पॅरोल होता तेव्हा निदान एक सुनावणी व्हायची. २००४ च्या क्राइम व्हिक्टिम्स राइट्स ॲक्टने पीडितांना सुटकेबद्दल बोलायचा हक्क दिलाय, पण तो कोर्टात उघड कामकाज होत असेल तरच. फर्स्ट स्टेप ॲक्टच्या टाइम क्रेडिटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममध्ये भाग घेतल्याबद्दल शिक्षेत मिळणाऱ्या दिवसांच्या सुटीत, तसं कामकाजच नसतं. तीस दिवस प्रोग्रॅममध्ये भाग घेतला की दहा दिवस, परत गुन्हा करायची रिस्क कमी असेल आणि तशीच राहिली तर पंधरा दिवस, जास्तीत जास्त बारा महिने आधी सुटका आणि वरचे दिवस हाफवे हाउसमध्ये (सुटकेआधी देखरेखीखाली राहायची जागा) नाहीतर घरी. ही सगळी बेरीज जेलच्या ऑफिसात होते. म्हणजे हक्क तर तुम्ही दिलात आणि तो जिथे वापरायचा ती खोलीच चाळीस वर्षांपूर्वी बंद केली. यात कुणा अधिकाऱ्याची चूक नाही, कायदा लिहिणाऱ्यांची आहे, आणि म्हणूनच हे पत्र जेलच्या अधिकाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय.

तिसरी तक्रार भरपाईची. जेलमध्ये कैद्याने भरपाईसाठी जो हप्ता भरायचा असतो तो साधारणपणे कमीत कमी तिमाहीला २५ डॉलर. जेलमध्ये तासाला काही सेंट मिळवणाऱ्या गरीब कैद्यासाठी हे ठीकच आहे, किंबहुना त्याच्याकडून तेवढेही घेऊ नका. पण ज्याच्याबद्दल सरकारलाच शंका आहे की याच्याकडे कुठेतरी क्रिप्टोचं लपवलेलं वॉलेट आहे, त्यालाही तोच नियम! हप्ता नाकारला तर त्याचा रिस्क स्कोअरवर परिणाम होतो, भरला की तो जबाबदार कैदी. आमच्या घरी आलेले ६ डॉलर ४० सेंट हे असेच त्या पंचवीस डॉलरमधले सगळ्यांना वाटून आलेले. आणि कायद्याप्रमाणे भरपाईचा आकडा चोरीच्या किंवा शिक्षेच्या दिवशीच्या भावाने ठरतो, जो जास्त असेल तो, नंतर भाव कितीही चढला तरी आकडा तिथेच.

चौथी गोष्ट क्रिप्टोची स्वतःची आहे आणि २०१८ मध्ये कायदा करताना तुमच्यापैकी फारशा कुणाच्या डोक्यात ती असेल असं वाटत नाही. बँक लुटणाऱ्याला पकडलं की नोटा तरी सापडतात, लपवल्या असतील तर त्या कुठल्यातरी जागी असतात. क्रिप्टोची चावी म्हणजे बारा किंवा चोवीस शब्द. पाठ केले की झालं. ना घराच्या झडतीत सापडणार ना विमानतळावर. लिक्टेनस्टाईनने चाव्यांची फाइल क्लाउड अकाउंटमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवली होती आणि ती तपास करणाऱ्यांना उघडता आली म्हणून एवढा माल मिळाला. पुढे आणखी ४७ कोटी ५० लाख डॉलरच्या आसपासचा माल जप्त झाला, जमिनीत पुरलेली सोन्याची नाणी पण होती, आणि लिक्टेनस्टाईनने सरकारी साक्षीदार म्हणून दुसऱ्या केसमध्ये मदतही केली. ते त्याच्या बाजूने मोजायलाच हवं, मी नाकारत नाही. पण जॉर्जियातला जेम्स झाँग बघा. २०१२ मध्ये सिल्क रोड या इंटरनेटवरच्या काळ्या बाजारातून चोरलेले ५० हजारांहून जास्त बिटकॉइन त्याने नऊ वर्षं सांभाळले, काही जमिनीखालच्या तिजोरीत तर काही बाथरूमच्या कपाटात पॉपकॉर्नच्या डब्यातल्या एका छोट्या कॉम्प्युटरमध्ये. त्याला शिक्षा झाली एक वर्ष आणि एक दिवस. तो एक दिवस कशाला असतो ते कळलं तेव्हा मी थक्क झाले, वर्षापेक्षा जास्त शिक्षा असेल तरच चांगल्या वर्तणुकीची सूट लागू होते, म्हणून एक दिवस वाढवला की माणूस लवकर सुटतो. रिस्क मोजायचं जे टूल आहे त्यात वय, आधीचे गुन्हे, मारामाऱ्या, शिक्षण, असं सगळं बघतात. चोरलेल्या चाव्या कुणाकुणाला ठाऊक आहेत, हा प्रश्न त्यात कुठेही नाही.

आता कुणी म्हणेल की क्रिप्टोत पैसे ठेवणारे सट्टेबाज, त्यांचं गेलं तर गेलं. हे मला इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात तोंडावर ऐकवलं गेलंय. माझं उत्तर एवढंच की शेअर चोरीला गेला तर आपण असं म्हणत नाही, गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं तर सोन्याचा भाव वरखाली होतो म्हणून चोराला सोडत नाही. ज्याने कमावलं त्याचं ते होतं. आणि सरकार स्वतः जप्त केलेले बिटकॉइन राखीव साठा म्हणून ठेवायला निघालंय, मार्च २०२५ चा तसा आदेशच आहे, म्हणजे सरकारच्या दृष्टीने ती संपत्ती आहे आणि आमच्या घरात असली की जुगार, असं कसं चालेल?

बदल होऊ शकतो हे एका न्यायाधीशांनी दाखवून दिलंय. निकोलस ट्रुग्लिया नावाचा तरुण जानेवारी २०१८ च्या सिम स्वॅपमध्ये सामील होता, एका माणसाचे दोन कोटी डॉलरहून जास्त गेले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला १८ महिने शिक्षा झाली आणि सगळी रक्कम भरायची ऑर्डर. त्याने भरली नाही. न्यूयॉर्कच्या कोर्टातले न्यायाधीश अल्विन हेलरस्टाइन यांनी जुलै २०२५ मध्ये त्याला परत उभं केलं आणि मुद्दाम भरपाई टाळली म्हणून १२ वर्षं सुनावली. बारा वर्षं मला व्यक्तिशः जास्त वाटतात. पण भरपाई आणि सुटका या दोन गोष्टी एकमेकींना जोडता येतात, कायद्यात तशी जागा आहे, हे त्यावरून कळतं. फक्त ते एका न्यायाधीशाच्या मनावर आणि पीडिताच्या महागड्या वकिलांवर अवलंबून नको. आमच्याकडे तसे वकील नाहीत.

जाता जाता आणखी एक, थोडं विषयाबाहेरचं वाटेल. याच कायद्यात ज्याच्यावर देशाबाहेर काढायची अंतिम ऑर्डर आहे त्याला टाइम क्रेडिट लागू होत नाही. कितीही शिकला, कितीही सुधारला तरी. म्हणजे कुणाला सूट नाही याची यादी करताना तुम्ही अगदी बारकाईने विचार केला होता, साठच्या वर गुन्हे त्या यादीत आहेत. तेवढाच बारकाईने विचार नुकसान झालेल्यांचा करा एवढंच मागतेय.

आमच्याकडे महाराष्ट्रातही लोक हे बघतायत. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या फसव्या योजनेत पुण्यातल्या कितीतरी लोकांचे पैसे अडकले, २०१८ मध्ये तिथे गुन्हे दाखल झाले, आणि मार्च २०२२ मध्ये तर तपासात मदत करायला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच क्रिप्टो वळवल्याच्या आरोपाखाली पुणे पोलिसांनी अटक केली. जप्त केलेली कॉइन सांभाळायची कशी आणि परत द्यायची कुणाला, याचे नियम तिकडे अजून नीट बसायचेत. तुम्ही इथे जे घालून द्याल त्याचा दाखला उद्या तिकडच्या कोर्टात दिला जाईल.

मागण्या सरळ आहेत.

क्रिप्टो चोरीला अपवादाच्या यादीत टाकू नका, सूट राहू द्या. पण टाइम क्रेडिट लागू करायच्या आधी कैद्याने शपथेवर सगळ्या वॉलेटची, चाव्यांची, आणि दुसऱ्याच्या नावावर ठेवलेल्या मालाची माहिती दिलीच पाहिजे. खोटी निघाली तर मिळालेली सगळी सूट रद्द, आणि हे सुटल्यानंतर सुपरव्हिजन (कोर्टाची देखरेख) संपेपर्यंत लागू राहावं.

सुटकेच्या किमान ९० दिवस आधी प्रत्येक पीडिताला लेखी म्हणणं मांडायची संधी द्या आणि ते फाइलमध्ये लागेल अशी सोय करा. निर्णय आमच्या हातात द्या असं मी म्हणत नाही, रागाच्या भरात माणसं काहीही मागतात हे मला माहीत आहे. ऐकून घ्या आणि ऐकलं हे कळवा.

ज्या माणसाने चोरी कबूल केलीय त्याच्यावर आरोप फक्त मनी लाँडरिंगचा असला तरी ज्यांचं चोरीला गेलं त्यांना पीडित म्हणून मान्यता द्यायची दुरुस्ती भरपाईच्या कायद्यात करा. आणि जप्त मालातून परत द्यायचं असेल तेव्हा लहान ग्राहकालाही कॉइन हवे की डॉलर हे निवडू द्या.

कैद्याकडे किंवा त्याच्या घरच्यांकडे मालमत्ता आहे असं दिसत असेल तर पंचवीस डॉलरचा हप्ता पुरेसा धरू नका. ज्याच्याकडे खरंच काही नाही त्याला त्रास देऊ नका.

लिक्टेनस्टाईन म्हणतो त्याला आता सायबर सिक्युरिटीत चांगलं काम करायचंय. करू दे, त्याच्याइतकं त्यातलं कळणारी माणसं कमीच असतील. फक्त अशा माणसाला दुसऱ्यांच्या वॉलेटपर्यंत पोचणारी नोकरी देताना कंपनीला त्याच्या सुपरव्हिजनच्या अटी माहीत असाव्यात, हे कायद्याने सक्तीचं करा.

आणि शेवटची मागणी, या सेशनमध्ये एक सुनावणी ठेवा ज्यात एक्स्चेंजचे वकील आणि मोठे गुंतवणूकदार सोडून पाच-दहा साध्या लोकांना बोलवाल. माझा दीर यायला तयार आहे, कागदपत्रं सगळी फाइल लावून ठेवलीत, तो वटवलेला नसलेला चेकही त्यात आहे. एडिसन ते वॉशिंग्टन आम्ही आमच्या खर्चाने येऊ, तारीख तेवढी कळवा.

आपली,
एडिसन, न्यू जर्सी इथली एक मतदार